जमिनीवर पसरवू की भिंतीवर चढवू?

इंग्लंडमधील रेडिंग शहरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घराचे तोंड उत्तरेला असून समोरच्या अंगणात, शेजाऱ्यांच्या हद्दीलगत, साधारण 6 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा मातीचा पट्टा आहे. पट्ट्याच्या कडेला खांद्याइतक्या उंचीची विटांची जुनी भिंत आहे. उन्हाळ्यात तेथे सकाळचे ऊन येते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मात्र सगळा पट्टा घराच्या सावलीत असतो. गेल्या काही वर्षांत तेथे तणाशिवाय काही टिकले नाही. आता रोपवाटिकेत त्यांना ‘एमरल्ड गेटी’ नावाचे, हिरव्या पानांना पांढरी किनार असलेले सदाहरित झुडूप दाखवण्यात आले. ते जमिनीवर पसरते, भिंतीवरही चढते आणि त्याला काही करावे लागत नाही, असे त्यांना सांगितले गेले. पतीच्या मते या सगळ्या भानगडीपेक्षा पट्ट्यावर फरसबंदी करून टाकावी. अमेरिकेत केंटकी राज्यात राहणारी त्यांची मैत्रीण म्हणते की, या झाडाला हातही लावू नकोस, येथे आम्ही ते जंगलातून उपटून काढतो. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. झाड लावावे का, लावल्यास ते जमिनीवर पसरवावे की भिंतीवर चढवावे, आणि भिंतीला त्याचा धोका आहे का, असे त्यांचे प्रश्न आहेत. सध्या मुक्कामाला आलेल्या सासूबाईंना परतताना त्याची एक फांदी कोल्हापूरला न्यायची आहे, हे त्यांनी पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे.

सप्रेम नमस्कार.

पसरवणे आणि चढवणे यांतील एक निवडायचे आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. या झाडाच्या लेखी त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एमरल्ड गेटी हा युऑनिमस फॉर्च्युनाय या झाडाचा एक वाण आहे. मूळ झाड चीन, कोरिया आणि जपानकडचे असून त्याच्या नावातील ‘फॉर्च्युनाय’ म्हणजे रॉबर्ट फॉर्च्यून हे स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक होत. 1843 मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यांना चीनला पाठवले होते, आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणणारे तेच. रानात हे झाड जमिनीवरून सरपटत जाते, जागोजागी मुळे धरते आणि झाडाचे खोड किंवा खडक लागला की त्याला चिकटून वर चढू लागते. कोकणात मनी प्लांट जमिनीवर लहान पानांनी रांगत असतो आणि नारळाच्या खोडावर चढला की त्याची पाने परातीएवढी होतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. युऑनिमसही सरपटत असतो तोवर त्याच्या बाल्यावस्थेत असतो. पुरेशी उंची आणि उजेड मिळाला की त्याच्या फांद्या जाड होतात, त्या चिकटणे सोडून बाहेरच्या बाजूला वाढू लागतात आणि मग त्यांना फुले-फळे येतात.

म्हणून भिंतीलगतच्या पट्ट्यात तुम्ही हे झाड केवळ जमीन झाकण्यासाठी लावले, तरी कडेची रोपे भिंतीपाशी पोहोचताच वर चढू लागतील. चढू द्यायचे नसेल तर वर्षातून एकदा कात्री घेऊन भिंतीलगतचे शेंडे छाटावे लागतील. चढवायचे असेल तर सुरुवातीला थोडा आधार द्यावा लागेल. खरी निवड आहे ती एवढीच, आणि ती झाडापेक्षा भिंतीकडे पाहून करावी.

भिंतीविषयी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे ती कोणाची आहे. घरासमोर उभे राहिल्यावर डाव्या हाताचे कुंपण आपले आणि उजव्या हाताचे शेजाऱ्याचे, असे इंग्लंडमध्ये सर्रास सांगितले जाते, पण असा कोणताही सर्वसाधारण नियम नाही. घराच्या कागदपत्रांतील नकाशात हद्दीच्या रेषेवर इंग्रजी ‘टी’ अक्षराची खूण असेल, तर ती ज्याच्या बाजूला आहे त्याच्याकडे भिंतीची जबाबदारी असते. खूण नसेल तर शेजाऱ्यांशीच बोलावे. भिंत त्यांची निघाली तर त्यांच्या संमतीशिवाय तिच्यावर वेल चढवू नये, खिळा किंवा तार ठोकणे तर दूरच. माझ्या मते भिंत तुमची असली तरीही त्यांना आधी सांगावे, कारण माथ्यावरून पलीकडे उतरलेल्या फांद्या त्यांच्या अंगणात जाणार आहेत आणि त्या हद्दीपर्यंत छाटण्याचा त्यांना अधिकार आहे. तो त्यांनी त्यांच्या पद्धतीने बजावण्यापेक्षा तुम्ही तुमच्या पद्धतीने छाटलेले बरे.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीची प्रकृती. घराची जुनी किल्ली किंवा लहान स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि विटांमधील दर्जा, म्हणजे सांध्यांतला चुन्या-सिमेंटचा भराव, खरवडून पाहा. टोक नुसतेच घसरले आणि फारतर एखादा ओरखडा उठला, तर दर्जा पक्क्या आहेत. अशा भिंतीला युऑनिमसच्या मुळ्यांपासून भय नाही. त्या मुळ्या भिंतीतून अन्न घेत नाहीत. एखादी सरपटणारी फांदी उचलून पाहिलीत तर तिच्या खालच्या बाजूला, पेरांजवळ, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या तपकिरी मुळ्यांची खरखरीत ओळ दिसेल. तेवढ्यावर ती फांदी भिंतीला धरून राहते. मात्र खरवडताना वाळूसारखा भुगा गळू लागला, चुन्याच्या जुन्या दर्जा पोकळ झालेल्या दिसल्या किंवा विटांचे पापुद्रे सुटत असतील, तर तेथे वेल चढवू नका. मुळ्या आधीच्या भेगांत शिरतात आणि पुढे वेल ओढून काढताना सैल झालेला भाग तिच्याबरोबर निघून येतो. आधी दर्जा भरून घ्याव्यात, मग वेलीचा विचार करावा. याच कारणाने रंगवलेल्या किंवा गिलावा केलेल्या भिंतीवर ती चढवू नये, कारण काढल्यावर मुळ्यांचे डाग राहतात. ज्या वाचकांना ती थेट घराच्या भिंतीवर चढवायची असेल, त्यांनी मातीची आणि आच्छादनाची पातळी भिंतीतील ओलरोधक थराच्या (जमिनीची ओल वर चढू न देणाऱ्या थराच्या) निदान 15 सेंटिमीटर खाली ठेवावी आणि शेंडे पन्हळींपर्यंत जाण्याआधी छाटावेत.

तुमचे दुसरे गृहीतक ‘काही करावे लागत नाही’ हे आहे. ते विक्रेत्याचे वाक्य आहे आणि पहिली दोन वर्षे ते खोटे ठरते. ही सदाहरित झुडपे तण दडपतात हे खरे, परंतु ती दडपतात ती पाने एकमेकांना भिडून जमिनीवर अंधार झाल्यानंतर. तोवर तणाला मोकळे रान असते. तुमच्या पट्ट्यात आधीच तण माजले आहे असे तुम्ही लिहिता. त्यात बाइंडवीड, म्हणजे आपल्याकडच्या हरणखुरीच्या गोतातील पांढऱ्या फुलांची वेल, किंवा ग्राउंड एल्डर हे मुळांनी पसरणारे चिवट तण असेल, तर त्यांची पांढरी मुळे खणून वेचून काढल्याशिवाय एकही रोप लावू नका. ती एकदा युऑनिमसच्या जाळ्यात शिरली की दोघांना वेगळे करता येत नाही. यासाठी एक संपूर्ण उन्हाळा द्यावा लागला तरी द्यावा. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, याची मला कल्पना आहे.

येथे अनेक जण काळे तणरोधक कापड अंथरतात आणि त्याला भोके पाडून रोपे लावतात. या झाडासाठी ती चूक आहे. युऑनिमसच्या फांद्या जमिनीला टेकतात तेथे मुळे धरतात आणि त्यामुळेच आच्छादन दाट होते. खाली कापड असेल तर त्या मुळांना माती मिळत नाही आणि झाड सुटे सुटे, उघड्या मधल्या जागांचे राहते. त्याऐवजी सालींचा भुगा किंवा चांगले कुजलेले पानखत 5 ते 7 सेंटिमीटर जाडीने पसरावे, पण खोडाला टेकू देऊ नये. मातीचे या झाडाला फारसे सोयरसुतक नसते. चिकणमाती चालते, चुनखडीची चालते. फक्त पाणी साचून राहणारी जागा नको.

रोपे किती लागतील याचा हिशेब खरेदीपूर्वी करा. 45 सेंटिमीटरवर एक या अंतराने चौरस मीटरला सुमारे 5 रोपे बसतात. तुमचा पट्टा 9 चौरस मीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ 45 रोपे. एवढ्या मोठ्या झुडपांचा खर्च अंगावर येईल, म्हणून 9 सेंटिमीटरच्या कुंडीतील लहान रोपे घ्यावीत. ती लवकर रुळतात. अंतर 60 सेंटिमीटर केले तर 25 रोपांत काम भागते, मात्र जमीन झाकायला आणखी वर्षभर तरी अधिक लागते. धीर असेल तर याहून स्वस्त मार्ग आहे. दहा-बारा रोपे लावा आणि त्यांच्या बाहेर पसरणाऱ्या फांद्या वाकवून, मध्यभागी मातीने दाबून, वर एक दगड ठेवा. अशी दाब कलमे पुढच्या वर्षी मुळांसकट कापून रिकाम्या जागी लावता येतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात घेतलेली छाट कलमेही या झाडाची सहज जगतात.

आता उजेडाविषयी. पुण्यात मे ते जुलै या काळात सूर्य भर दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे तेथील उत्तरेकडच्या भिंतीलाही ऊन लागते. रेडिंगमध्ये डिसेंबरातील सूर्य दुपारी बारालासुद्धा क्षितिजापासून 15 अंशांवरच असतो, आणि घराच्या उत्तरेचे अंगण महिनोन्महिने सावलीत जाते. एमरल्ड गेटी अशी सावली सोसते. पण तिच्या पानाच्या पांढऱ्या किनारीत हरितद्रव्य नसते, त्यामुळे झाडाचा सारा स्वयंपाक मधला हिरवा भागच करतो. कमी उजेडात झाडाची वाढ मंदावते आणि पाने अधिक हिरवी दिसू लागतात. पिवळ्या किनारीचा ‘एमरल्ड ’एन गोल्ड’ तुम्हाला कोणी सुचवला तर घेऊ नका. त्याचा सोनेरी रंग उन्हातच खुलतो, तुमच्याकडे तो पोपटी, फिका राहील. ‘सिल्व्हर क्वीन’ हा वाण भिंतीसाठी उत्तम म्हणून विकला जातो आणि तो आहेही उत्तम, परंतु आधार मिळाला की तो अडीच मीटर आणि कालांतराने त्याहूनही वर जातो. खांद्याइतक्या भिंतीला तो कशाला हवा? गेटीची स्वतःची उंची मीटरभर आणि पसारा दीड मीटरपर्यंत असतो, आधाराने ती थोडी अधिक चढते, आणि तुमच्या भिंतीला तेवढे पुरे आहे. हिवाळ्यात तिच्या पांढऱ्या कडा गुलाबी होतात. तो रोग समजून फवारणी करू नये.

मात्र अधूनमधून एखादी फांदी पूर्ण हिरव्या पानांची फुटेल. ती दिसताच जिथून फुटली तिथपर्यंत मागे जाऊन कापून टाका. ती मूळ हिरव्या रूपाकडे परतलेली असते आणि तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने ती बाकीच्या फांद्यांपेक्षा जोमाने वाढते. चार-पाच वर्षे दुर्लक्ष झाले तर दोन रंगांच्या झुडपाच्या जागी साधे हिरवे झुडूप उभे राहते, आणि मग लोक म्हणतात की रोपवाटिकेने फसवले.

पतीच्या फरसबंदीच्या सूचनेला मी हसण्यावारी नेणार नाही. दोघे नोकरी करणारे, घरात लहान मूल, अशा वेळी अंगण हे आणखी एक काम होऊन बसते हे खरे आहे. परंतु 1 ऑक्टोबर 2008 पासून इंग्लंडमध्ये घरासमोरच्या अंगणात 5 चौरस मीटरपेक्षा अधिक जागेवर पाणी न झिरपणारी फरशी घालायची, आणि पावसाचे पाणी अंगणातच मुरण्याची सोय करायची नाही, तर बांधकाम परवानगी लागते. तुमचा पट्टा त्या मर्यादेत बसत नाही. खडी किंवा पाणी झिरपणाऱ्या फरश्या चालतील, पण त्यांच्या फटींतून तण येतेच आणि तेही काढावे लागते. माझे मत विचाराल तर दोघांचाही आग्रह अर्धा-अर्धा मानता येईल. पट्ट्यातील रस्त्याकडची दोन मीटर लांबी खडीची करून तेथे कचऱ्याचे डबे ठेवा आणि उरलेल्या चार मीटरांत झाड लावा. त्यामुळे रोपांची संख्या तीसच्या आसपास येते आणि पाणी घालण्याचे कामही तेवढे कमी होते.

केंटकीतील तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे तिच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य-पश्चिम भागातील राज्यांत, केंटकी, इंडियाना, इलिनॉय, मिसुरी येथे, हे झाड बागांतून निसटून जंगलांत पसरले आहे. पक्षी त्याची फळे खाऊन बिया दूर टाकतात, जमिनीवर त्याची चटई होते आणि स्थानिक रानफुलांना व झाडांच्या रोपांना जागा उरत नाही. तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे झाड मुळीच लावू नये आणि आधीच्या मालकाने लावलेले असेल तर निदान वर चढून फळावर येऊ देऊ नये. इंग्लंडमध्ये त्याची वागणूक तशी नाही; रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने एमरल्ड गेटीला बागेसाठी चांगल्या झाडांना दिला जाणारा आपला पुरस्कारही दिलेला आहे. तरीही छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी किंवा झाडीत फेकू नका, कारण त्या टेकतील तेथे मुळे धरू शकतात. त्या नगरपालिकेच्या बागकचऱ्याच्या डब्यात टाकाव्यात.

मुलासंबंधी तुमची काळजी रास्त आहे. या झाडाचे सर्व भाग, विशेषतः फळे, पोटात गेल्यास उलट्या आणि जुलाब होतात. गुलाबीसर पांढरे फळ उकलून आतील नारिंगी बी बाहेर डोकावते आणि तेच मुलांना भुलवते. जमिनीवर पसरलेल्या आणि नियमित छाटलेल्या झाडाला फळे क्वचितच येतात, म्हणजे मूल लहान आहे तोवर भिंतीवर न चढवण्याचे हे आणखी एक कारण झाले. घरात कुत्रा असणाऱ्यांनीही एवढे लक्षात ठेवावे.

रोगांपैकी भुरी कोरड्या भिंतीच्या पायथ्याशी पडते आणि पाणी व मोकळी हवा मिळाली की बहुधा आटोक्यात येते. सोंडे भुंगे पानांच्या कडा अर्धगोल कुरतडतात, त्याने झाड मरत नाही. घाबरावे असे एकच आहे, खवले कीड. पाने वरून पिवळी ठिपक्याठिपक्यांची दिसू लागली तर पान उलटे करा. मागे लांबट, बारीक, पांढरे कण दाटीने चिकटलेले दिसतील, ते नर. त्याच फांदीवर नख फिरवले की करडे-तपकिरी, टोकाकडे निमुळते कवच उचकटून निघते; ती मादी. थोडीच लागण असेल तर त्या फांद्या कापून घराबाहेर काढा. जास्त असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कवच नसलेली पिल्ले फिरत असताना, वनस्पतितेलावर आधारित फवारणी पानांच्या मागच्या बाजूला नीट बसेल अशी करावी. कवचाखालच्या माद्यांवर तिचा उपयोग फारसा होत नाही. रोपे घेतानाच पाने उलटी करून पाहिलीत तर हा सारा उपद्व्याप बहुधा टळेल.

तेव्हा तुमच्या जागी मी काय करीन ते सांगते. हा उन्हाळा तण काढण्यात घालवीन आणि रोपे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये लावीन, कारण तेव्हा माती अजून कोमट असते आणि पाणी घालण्याचे काम पाऊस करतो. भिंतीलगतची ओळ भिंतीपासून 40 सेंटिमीटर सोडून लावीन. भिंतीच्या अगदी पायथ्याशी पाऊस नीट पोहोचत नाही. लावताना रोपांच्या मध्ये नर्गिस आणि स्नोड्रॉपचे कंद पुरीन, म्हणजे पहिले दोन वसंत ऋतू नुसती काळी माती पाहावी लागणार नाही; पुढे झाडे मिळून आली तरी नर्गिस त्यातून वर येतात. पुढचे दोन उन्हाळे कोरड्या आठवड्यांत भरपूर पाणी, आणि दर वर्षी एप्रिलच्या सुमारास एक हलकी छाटणी. छाटण्यापूर्वी आत घरटे नाही ना ते पाहावे, वापरात असलेले घरटे मोडणे तेथे कायद्याने गुन्हा आहे. भिंतीवर चढवण्याचा निर्णय मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आणि दर्जा तपासून होईपर्यंत पुढे ढकलीन. नंतर चढवायचेच ठरले तर नवीन झाड आणावे लागणार नाही, भिंतीलगतची ओळ छाटणे थांबवायचे आणि दोन-चार फांद्या आडव्या तारांना बांधून द्यायच्या.

हे सगळे वाचून दोन उन्हाळ्यांच्या पाण्याचीच धास्ती वाटत असेल, तर खरे सांगायचे म्हणजे दोन रंगांचा आग्रह सोडा आणि साधी हिरवी पॅकिसँड्रा ही जमीन झाकणारी सदाहरित वनस्पती लावा. ती भिंतीवर चढत नाही, गुडघ्याच्याही खाली राहते आणि ओलसर सावलीत गेटीपेक्षा अधिक समाधानाने वाढते. व्हिन्का मायनरला निळी फुले येतात, पण ती मोकाट सुटते. आयव्ही भरभर पसरते, पण तुमच्या भिंतीच्या दर्जांविषयी खात्री होईपर्यंत मी ती सुचवणार नाही.

सासूबाईंना फांदी मात्र देऊ नका. परदेशातून रोप, कलम किंवा बी भारतात आणायचे तर 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. साडीच्या घडीत गुंडाळून आणलेल्या फांदीला तो नियम लागू होत नाही असे नाही, आणि खवले किडीची अंडी तर त्या फांदीवर आपल्या डोळ्यांना दिसणारही नाहीत. शिवाय हे थंडीवर पोसलेले झाड आहे, कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ते रमणार नाही. त्याच्याच कुळातील मालकांगोणी सह्याद्रीत आपोआप उगवते, सदाहरित नसली तरी नारिंगी बिया तिलाही येतात, आणि तिचे रोप त्यांना घराजवळच्या एखाद्या रोपवाटिकेत मागता येईल.